लाइव्ह साथीसाठी अरेंजर सॉफ्टवेअर: गायक मोकळा राहील अशी साथ कशी जमवायची?

खर्ज

नमस्कार मंडळी. मी हार्मोनियमवरून कीबोर्डकडे आलो. भावगीतं, गझला, जुनी चित्रपटगीतं गाणाऱ्यांच्या मागे वाजवतो. बहुतेक वेळा मंचावर गायक आणि मी, दोघंच. तबलजी आणि गिटारवादक सोबत असले की प्रश्नच नसतो, पण दर वेळी ते जमत नाही. आजवर अरेंजर कीबोर्ड वापरला. आता लॅपटॉप, एक साधा ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (स्वतः आवाज न काढता कोणती पट्टी दाबली ते संगणकाला कळवणारा) आणि अरेंजर सॉफ्टवेअर अशी जोडणी करायचं मनात आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: कराओके ट्रॅक आधीच ध्वनिमुद्रित झालेला असतो, गायकाने अंतऱ्याची ओळ आणखी एकदा घेतली की ट्रॅक पुढे आणि गायक मागे. अरेंजरचं तसं नाही. डाव्या हाताने कॉर्ड धरली की ताल, बेस, गिटार, स्ट्रिंग्ज त्या कॉर्डप्रमाणे वाजू लागतात आणि पुढची कॉर्ड धरेपर्यंत तिथेच राहतात. ओळ चारदा घेतली तरी हरकत नाही. म्हणून मला हेच माध्यम हवं आहे.

मला विचारायचंय ते असं. कोणतं सॉफ्टवेअर खरोखर मंचावर वापरण्याजोगं आहे? पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो तो कसा घालवायचा? आणि सगळ्यात जास्त सतावणारा प्रश्न: गायकाने आलाप लांबवला, शब्दावर रेंगाळला, लय किंचित पुढे नेली, तर मशीन आपलं ठोकत राहतं. तिथे तुम्ही काय करता? रूपकातल्या, म्हणजे सात मात्रांच्या, गाण्यांचं काय? तयार स्टाइल (ताल, बेस, गिटार यांचे आयते साचे) घेतल्या की सगळी गाणी एकाच छापाची वाटतात, त्यावरही कुणी काम केलं असेल तर सांगा.

सोळामात्रा

चांगला विषय. निवड करण्याआधी एक फरक नीट पाहा, कारण ‘अरेंजर सॉफ्टवेअर’ शोधलं की दोन पूर्ण वेगळ्या जातीच्या गोष्टी समोर येतात.

पहिल्या जातीत कॉर्ड आधी लिहाव्या लागतात. पीजी म्युझिकचं बँड-इन-अ-बॉक्स १९९० पासून आहे आणि आजही त्यातल्या खऱ्या वादकांच्या ध्वनिमुद्रित तुकड्यांची साथ ऐकायला फार सुंदर लागते. फोनवरचं आयरियल प्रो याच घराण्यातलं. जेजॅझलॅब हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरही तसंच, आणि ते यामाहाच्या स्टाइल वापरू शकतं. रियाजाला, चाल बसवायला, घरी ट्रॅक तयार करायला यांना तोड नाही. पण गाण्याचा आराखडा आधी ठरलेला असतो, म्हणजे तुम्ही ज्यापासून सुटू पाहताय तिथेच परत येता.

दुसरी जात तुमच्या कामाची: डाव्या हाताची कॉर्ड तिथल्या तिथे ओळखून साथ देणारी. व्हीअरेंजर, वन मॅन बँड, गिगलॅड ही त्यातली नावं. पहिली दोन विंडोजवर चालतात आणि यामाहाच्या स्टाइल फाइली वाचतात. चाचणीची प्रत मिळाली तर विकत घेण्याआधी एकच गोष्ट तपासा: इंट्रो (सुरुवात), चारही व्हेरिएशन (साथीची वेगवेगळी रूपं), फिल (ठेक्याची उचल), ब्रेक (क्षणभराचा थांबा) आणि एंडिंग (शेवट) तुमच्या मिडी कीबोर्डच्या बटणांवर किंवा पायाच्या पेडलवर नेमून देता येतात का. गाणं चालू असताना हात माउसकडे जाता कामा नये. हे जमत नसेल तर बाकीचे गुण कितीही असोत, मंचासाठी ते सॉफ्टवेअर सोडून द्या.

काळीपाच

उशिराबद्दल लिहितो. हा भाग सुटला की निम्मी लढाई संपते, आणि तो पूर्ण सुटतो.

संगणक आवाज थेंबाथेंबाने देत नाही, तुकड्यांत देतो. त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४४,१०० हर्ट्झला (सेकंदाला ध्वनीचे तितके नमुने) ५१२ नमुन्यांचा बफर म्हणजे ११.६ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, १२८ म्हणजे २.९. यात ड्रायव्हर आणि ऑडिओ इंटरफेसचा (संगणकातला आवाज बाहेर नेणाऱ्या उपकरणाचा) स्वतःचा वेळ मिळवावा लागतो. तुलनेसाठी: हवेतून आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे तीन मीटरवरचा स्पीकर तुम्हाला मुळातच ९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि त्याची तक्रार कुणी करत नाही. एकूण उशीर दहाच्या आसपास ठेवला तर बोटांना तो जाणवत नाही. वीसच्या पुढे गेला की उजव्या हाताची तान चिकट वाटू लागते.

विंडोजमध्ये मुळात येणारा मायक्रोसॉफ्टचा जीएस वेव्हटेबल सिंथ (मिडीचे आवाज काढणारं सॉफ्टवेअर) पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. त्याचा उशीर इतका आहे की वाजवणं अशक्य होतं, आणि बरेच जण तेवढ्यावरूनच ‘सॉफ्टवेअरमध्ये मजा नाही’ असं ठरवून मोकळे होतात. एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिराचा) असलेला बाहेरचा ऑडिओ इंटरफेस घ्या. तो मिळेपर्यंत एएसआयओफॉरऑल वापरून बघता येईल. मॅकवर त्याची स्वतःची ध्वनियंत्रणा कोअर ऑडिओ मुळातच चांगलं आहे.

१२८ वर आवाजात कडकड येऊ लागली तर हट्ट करू नका, २५६ वर या. कार्यक्रमात एक ‘कडक्’ आवाज गेला तर सगळी सभा वळून बघते. तीन मिलिसेकंदांचा फरक कुणालाही कळत नाही.

मींड

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो. साथ म्हणजे गायकाच्या मागोमाग जाणं. हार्मोनियमवाला गायकाची जागा ऐकतो आणि अर्ध्या क्षणाने ती उचलतो. तबलजी गायकाचा श्वास बघून ठेका हलका करतो. सॉफ्टवेअर फक्त कॉर्ड ऐकतं, गाणं ऐकत नाही. मग त्याला साथ कशी म्हणायची? मी आजवर अशा ज्या मैफली ऐकल्या त्यात गायकच मशीनच्या मागे जाताना दिसला. चार व्हेरिएशन, दोन गिटार, ब्रास, स्ट्रिंग्ज, मागे टाळ्या... आणि शब्द कुठे? गझलेत तर शेर पोचलाच पाहिजे.

सोळामात्रा

मींड, तुम्ही ऐकलंत ते बरोबरच ऐकलंत. पण दोष मशीनच्या असण्यात नाही, त्याला दिलेल्या कामात आहे. वुर्लिट्झरने साइडमॅन नावाचं ताल देणारं यंत्र १९५९ मध्ये विकायला आणलं, म्हणजे यांत्रिक ठेका ही जुनी गोष्ट आहे. आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा तर शास्त्रीय गायकांनीही स्वीकारला. का स्वीकारला? कारण त्याने स्वर धरून ठेवायचा एवढंच काम आहे, आणि गाण्यात तो लुडबुड करत नाही. अरेंजरलाही तेवढंच द्या. जमीन त्याने धरावी, गायकाच्या मागे तुमचा उजवा हात जाईल.

पांढरीचार

या दोघांच्या मधून जाणारी वाट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून सविस्तर लिहिते. मी स्वतः गाते आणि वाजवतेही, त्यामुळे दोन्ही बाजूंचा त्रास माहीत आहे.

स्टाइल उघडली की तिचे आठ भाग दिसतील. यामाहाच्या रचनेत ते मिडीच्या ९ ते १६ या चॅनेलवर असतात: ९ वर उपताल, १० वर मुख्य ताल, ११ वर बेस, १२ आणि १३ वर कॉर्ड, १४ वर पॅड (मागे लांबवलेले स्वर), १५ आणि १६ वर फ्रेझ. त्या शेवटच्या दोन फ्रेझ आधी बंद करा. त्या म्हणजे दोन ओळींमधली भरणी, आणि ती जागा गायकाची किंवा तुमच्या उजव्या हाताची आहे. ब्रासचे फटके, बासरीच्या लकेरी, सगळ्या तिथेच असतात. ‘सगळी गाणी एकाच छापाची’ वाटण्याचं मोठं कारण हेच, कारण तीच लकेर दर दोन आवर्तनांनी परत येते. मग दोनपैकी एक कॉर्डचा भाग बंद करा. उरलं काय? ठेका, बेस, एक गिटार, फार तर मंद पॅड. इतकं पुरतं.

आता ठेक्याकडे या. तयार पाश्चात्त्य स्टाइलमध्ये चार मात्रांच्या बारमध्ये (तालाच्या एका फेऱ्यात) किकड्रम पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर असतो. केरवा त्यात बसवला, म्हणजे आठ मात्रा एका बारमध्ये घेतल्या, तर तो तिसरा ठोका पाचव्या मात्रेवर पडतो. धा गे ना ति, न क धि ना. पाचवी मात्रा म्हणजे काल, तालाची खाली. तिथे डग्गा गप्प असतो, सगळा तोल त्या गप्पपणावर उभा आहे. आणि नेमका तिथे किक आणि बेस दोघं मिळून दणका देतात! ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण गाणं जड वाटतं, गायकाला उचल मिळत नाही. एवढी एक किक काढून टाका, बेसचा तिथला स्वर काढा किंवा वरच्या सप्तकात न्या, आणि त्याच स्टाइलवर तेच गाणं वाजवून बघा.

किक खोडायला सॉफ्टवेअरमध्ये स्टाइल संपादनाची सोय असली तर उत्तम. नसली तर स्टाइल फाइल ही मुळात मिडी फाइलच असते, शेवटी कॉर्डच्या नियमांची माहिती जोडलेली. काही मिडी संपादक ती फाइल साठवताना ही जोडलेली माहिती टाकून देतात, म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवून मगच हात घाला.

खर्ज

पांढरीचार, कालेबद्दलचं हे वाचून लगेच करून बघितलं. तिसऱ्या ठोक्यावरची किक काढली. फरक इतका स्पष्ट आहे की आता जुन्या सगळ्या स्टाइल परत उघडून बघणार आहे. मनापासून आभार.

एक अडचण उरतेच. कॉर्ड बदलताना बेस कधी कधी सम (आवर्तनाची पहिली मात्रा) उलटून गेल्यावर येतो. आणि ज्या चालीत गंधार कोमल आहे, किंवा गंधार लागतच नाही, तिथे गिटार मध्येच शुद्ध गंधार वाजवतं.

तिहाई

दोन्हींची उत्तरं डाव्या हातात आहेत.

समेवर कॉर्ड धरू नका, समेच्या किंचित आधी धरा. सॉफ्टवेअर समेच्या क्षणी जी कॉर्ड दाबलेली असते तिच्यावरून बेसचा पहिला स्वर ठरवतं. तुम्ही जराही मागे राहिलात तर समेचा स्वर जुन्या कॉर्डचा वाजतो आणि लगेच दुरुस्त होतो, तेच तुम्हाला ‘उशिरा’ ऐकू येतंय. पियानो वाजवताना आपण ठोक्यावर पडतो, अरेंजरला ठोक्याआधी सूचना द्यावी लागते. ही सवय वेगळी आहे आणि ती लावावीच लागते. संथ लयीत, नुसता बेस आणि ठेका चालू ठेवून, दोन कॉर्डमध्ये ये-जा करा. तीनही बोटं एकदम पडली पाहिजेत. एक बोट मागे राहिलं तर सॉफ्टवेअर क्षणभर तिसरीच कॉर्ड ओळखतं.

कॉर्ड बदलताना वाजत असलेल्या लांब स्वराचं काय व्हावं, हेही स्टाइलमध्येच लिहिलेलं असतं: थांबावं, नव्या स्वरावर सरकावं, की पुन्हा नव्याने वाजावं. स्ट्रिंग्ज दर कॉर्डला तुटल्यासारख्या वाटत असतील तर ही जागा बघा.

गंधाराचं: तुम्ही सा-ग-प धरलंत तर गिटार शुद्ध गंधार वाजवणारच. यामाहाच्या कॉर्ड-ओळखीत नुसते सा आणि प धरले तरी ती वेगळी कॉर्ड म्हणून ओळखली जाते, आणि सा व वरचा सा धरला तरीही. पहिलीत तिसरा स्वर येत नाही, दुसरीत फक्त षड्ज उरतो. आपल्या रागाधारित चालींसाठी हे दोन आकार म्हणजे वरदान आहेत. अर्धी भावगीतं मी सा-प आणि म-सा यांवर काढतो, गंधाराचा रंग गायकाच्या गळ्यातूनच येऊ देतो. एक बोटाने कॉर्ड धरायची सोय मात्र बंद करा, तिथे हे आकार मिळणार नाहीत. ‘फिंगर्ड’ किंवा ‘फिंगर्ड ऑन बेस’ ठेवा. दुसऱ्यात सगळ्यात खालचा स्वर बेसला मिळतो, त्यामुळे उतरता बेस हवा असेल तर तुम्हीच चालवू शकता.

मींड

सा-प ची कल्पना पटली. पण आलापाचं काय? गायकाने मुखड्याआधी मोकळा आलाप घेतला, मग पहिला शब्द कधी येणार हे त्यालाही ठाऊक नसतं.

तिहाई

त्यासाठी ठेका बंद ठेवायचा आणि सिंक स्टार्ट चालू. मात्र सिंक स्टार्ट चालू असताना डाव्या भागात काहीही दाबलं की ताल सुरू होतो, त्यामुळे आलापात डावा हात पट्ट्यांपासून दूर. उजव्या हाताने हार्मोनियमसारखं मागोमाग जात राहा. गायक मुखड्याच्या समेवर आला की डाव्या हाताने कॉर्ड धरा, ताल त्याच क्षणी सुरू. इंट्रो नको, काउंट-इन (आधी मोजून देणं) नको.

ही क्रिया दिसायला सोपी आहे, पण इथे आधी वाजवायचं नाही, नेमकं समेवर वाजवायचं, कारण तालच तुमच्या बोटाने सुरू होतोय. चालू ठेक्यात समेआधी आणि सुरुवातीला समेवर, हे दोन वेगळे हात आहेत. मुखडा समेवर नसून उठाणाने (समेआधीच्या शब्दांनी) सुरू होत असेल तर उठाणाचे शब्द जाऊ द्या, समेला धरा.

रेंगाळण्यासाठी सिंक स्टॉप आहे. तो चालू असला की डावा हात उचलला की सगळं थांबतं आणि परत कॉर्ड धरली की पहिल्या मात्रेपासून सुरू होतं. गायक एका शब्दावर थांबला, हात उचला. उजव्या हाताने तो स्वर धरून ठेवा. गायक समेवर परतला, हात टाका. सराव झाला की ऐकणाऱ्याला वाटतं तबलजीने ठेका सोडला आणि पुन्हा धरला. पूर्ण गाणं सिंक स्टॉपवर ठेवू नका, दर कॉर्डला हात उचलता येणार नाही. पेडलवर नेमून द्या आणि लागेल तेव्हाच घ्या.

लय बदलण्यासाठी टॅप टेम्पो (बटण ठोकून लय देणं) आहे, पण चालू गाण्यात तो मी टाळतो, चुकून दोन टॅप कमीजास्त पडले तर लय एकदम उडी मारते. एकेक अंकाने टेम्पो वाढवणारी-कमी करणारी दोन बटणं नेमून घ्या. शेवटच्या अंतऱ्याकडे जाताना दोन-तीन अंक वाढवले तर कुणाला कळत नाही, गायकाला मात्र मोकळं वाटतं. शेवटासाठी: यामाहाच्या पद्धतीत एंडिंग चालू असताना तेच बटण पुन्हा दाबलं की लय हळूहळू मंदावत जाते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते आहे का बघा, फार देखणा शेवट होतो.

काळीपाच

+१. फिलबद्दल एक भर. फिल बारच्या मध्यात दाबला तर लगेच सुरू होऊन उरलेला बार भरतो, आणि नवं व्हेरिएशन पुढच्या समेला येतं. त्यामुळे फिल किती लांबीचा हवा हे तुम्ही कधी दाबता त्यावर ठरतं. पहिल्या ठोक्याला दाबला तर पूर्ण बार गडगडाट, चौथ्याला दाबला तर एक छोटी उचल. भावगीतात चौथाच बरा.

खर्ज

रूपक आणि तानपुरा यांवर कुणी सांगाल का? गायिका काळी चार पट्टीची, गायक पांढरी एकचा, असं एकाच कार्यक्रमात असतं.

पांढरीचार

रूपकासाठी तयार सात मात्रांची पाश्चात्त्य स्टाइल घेऊ नका. त्यात पहिल्या मात्रेवर किक असते. रूपकाची सम कालेवर आहे: ती ती ना, धी ना, धी ना. डग्गा चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर येतो. पहिल्यावर दणका दिला की गायकाची सम हरवते. स्वतःची स्टाइल बनवा, ती वाटते तितकी कठीण नाही. सिक्वेन्सरमध्ये सात मात्रांचा एक बार, चॅनेल १० वर ठेका, ११ वर बेस, बस. मार्कर (फाइलमधल्या भागांच्या खुणा) ठरलेल्या नावांचेच हवेत, कारण सॉफ्टवेअर त्यावरूनच कोणता भाग कोणता ते ओळखतं. आधी नुसता ठेका घालून ती फाइल तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये सात मात्रांनी नीट फिरते का ते पाहा, मगच पुढे जा.

बेस आणि गिटार लिहिताना ते सी मेजर सेव्हन या कॉर्डमध्ये लिहायचे असतात, सॉफ्टवेअर तिथून बाकी कॉर्ड काढतं. सी म्हणजे सा धरलं तर सा रे ग प ध नी वापरा आणि मध्यम टाळा. मध्यम घातला की दुसऱ्या कॉर्डवर रूपांतर होताना नको तो स्वर निघतो.

तानपुऱ्यासाठी हीच यंत्रणा उलटी वापरायची. प्रत्येक भागासाठी ‘कॉर्डप्रमाणे कसं हलायचं’ हा नियम असतो. तालवाद्यांचा भाग कॉर्ड बदलली तरी हलत नाही, कारण त्याचा नियम ‘मूळ स्वर स्थिर, रूपांतर नाही’ असा असतो. पॅडच्या भागात तानपुऱ्याचे प सा सा सा लिहा आणि त्यालाही तोच नियम द्या. मग तुम्ही म ची कॉर्ड धरा की रे ची, तानपुरा आपल्या सा-प वर राहतो. मला सगळ्यात समाधान देणारी गोष्ट हीच. कॉर्डचा रंग बदलत राहतो आणि खाली षड्ज हलत नाही, म्हणजे पाश्चात्त्य साथीतही आपलं गाणं आपलं राहतं.

पट्टीचं: स्टाइलमधला तानपुरा सी वर लिहिलेला असल्यामुळे तुम्ही नेहमी सी हाच सा धरून वाजवायचं आणि ट्रान्सपोज (सगळे स्वर वर-खाली सरकवणारा आकडा) बदलायचा. पांढरी एकला शून्य, काळी चारला अधिक ८ किंवा उणे ४. उणे ४ घ्या, नाहीतर गिटार कर्कश होतं. ज्यांना प्रत्येक पट्टीत तिथल्याच पट्ट्यांवर वाजवायची सवय आहे त्यांना हे पटणार नाही, त्यांनी तानपुरा वेगळ्या उपकरणावर लावावा. ट्रान्सपोजचा आकडा गाण्याच्या नोंदीत जतन करा. मंचावर तो हाताने बदलायचा राहून जातो.

सोळामात्रा

तबल्याच्या आवाजाबद्दल. १९९१ च्या जनरल मिडीत (मिडी आवाजांच्या प्रमाण यादीत) १२८ वाद्यं आहेत, त्यात सतारही आहे, पण तबला नाही. त्यामुळे तबला वापरणारी स्टाइल साध्या साउंडफाँटवर (वाद्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजांच्या संचावर) लावली की बोलांच्या जागी भलतीच तालवाद्यं वाजतात. फाइल खराब आहे असं समजू नका. तबल्याचा साउंडफाँट मिळवून चॅनेल १० (किंवा ९) त्याच्याकडे वळवा आणि कोणता बोल कोणत्या पट्टीवर आहे ते एकदा जुळवून घ्या. वेळ लागतो, पण एकदाच करायचं असतं. डग्ग्याची मींड (घसरत जाणारा घुमारा) साउंडफाँटमध्ये फारशी मिळत नाही, तिथे ठेक्याची ध्वनिमुद्रित लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) सरस ठरते. मात्र लूपची लय दहा-बारा टक्क्यांपलीकडे ताणू नका, थाप चिरकू लागते.

आणि स्टाइल इकडून तिकडून उचलू नका. त्या कुणीतरी बसून बांधलेल्या असतात. विकत घ्या किंवा स्वतः बांधा.

काळीपाच

कार्यक्रमाच्या दिवसाचं लिहून ठेवतो, हे कुणी सांगत नाही.

लॅपटॉप विमान मोडवर, अपडेट थांबवलेले, सूचना बंद, पॉवर प्लॅन पूर्ण कामगिरीवर. विंडोजमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर थोडा वेळ काही वाजवलं नाही की मिडी कीबोर्ड झोपी जातो, आणि तो नेमका निवेदन चालू असताना झोपतो. चार्जर लावल्यावर स्पीकरमध्ये गुणगुण येत असेल तर तो अर्थिंगचा लूप आहे. ग्राउंड लिफ्ट (अर्थिंगचा हा लूप तोडणारी सोय) असलेला डीआय बॉक्स लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये घाला. चार्जरची अर्थची पिन काढण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

स्वर अडकून वाजत राहिला तर सगळे स्वर बंद करणारं पॅनिक बटण हाताशी नेमलेलं हवं. प्रत्येक गाण्याची नोंद क्रमाने लावा: स्टाइल, टेम्पो, ट्रान्सपोज, उजव्या हाताचा आवाज. आणि फोनमध्ये तानपुरा आणि साधा ठेका तयार ठेवून तो मिक्सरच्या एका चॅनेलला जोडूनच ठेवा. लॅपटॉप बंद पडला तर त्या चॅनेलचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर करा, गायक गात राहील.

मींड

धागा वाचत राहिलो आणि एका गायक मित्राबरोबर बसून करून बघितलं. ठेका, बेस आणि न हलणारा तानपुरा, बाकी सगळं बंद. आलापात ठेका नाही, शब्दावर थांबला की हात उचलायचा. मित्राने दुसऱ्या अंतऱ्यात स्वतःहून एक ओळ तीनदा वेगवेगळी घेतली. तबलजीची जागा याने भरून निघत नाही, हे मत कायम आहे. पण तबलजी नसेल तेव्हा मी आता हे वापरेन.

खर्ज

मींड, हे वाचून फार बरं वाटलं. माझी जोडणी ठरली: दोन पेडल, एकावर सिंक स्टॉप, दुसऱ्यावर फिल. एक शेवटचा प्रश्न. सस्टेन पेडल कधी कधी उलटं चालतं, न दाबता स्वर लांबत राहतात आणि दाबलं की तुटतात. पेडल खराब आहे का?

तिहाई

खराब नाही. पुष्कळ कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती बघून त्याची दिशा ठरवतात. चालू करताना पाय पेडलवर असेल, किंवा वरून केबलची पेटी ठेवलेली असेल, तर दिशा उलटी धरली जाते. कीबोर्ड बंद करा, पेडल आधी जोडा, पाय बाजूला ठेवून परत चालू करा. तरीही उलटंच राहिलं तर पेडलच्या तळाशी दिशा बदलायचा छोटा स्विच आहे का पाहा.